रास्पबेरी पाय, बॅरोमीटर आणि बेरिल: प्रकल्प नोंदी

११ मे २०२४, शनिवार

कपाटातला जुना रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा संगणक, बाहेर काढला. दोन वर्षं धूळ खात पडला होता, तरी पहिल्याच फटक्यात चालू झाला. काम ठरवलंय ते असं: मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या (हरिकेन म्हणजे इकडचं जोरदार चक्रीवादळ) फायली दर सहा तासांनी उतरवायच्या, त्यावरून नकाशा काढायचा, आणि वादळ संपलं की कुठला अंदाज किती चुकला ते स्वतः मोजायचं. नुसते नकाशे ढिगाने मिळतात, मला चुका मोजायच्यात. २०१७ साली हार्वे वादळाच्या वेळी चार दिवस टीव्हीवरच्या त्या एका रेघेकडे टक लावून बसलो होतो, तेव्हापासून हे डोक्यात आहे.

जोडीला दाब मोजणारा बीएमई२८० सेन्सर स्वयंपाकघराच्या खिडकीत, कढीपत्त्याच्या कुंडीमागे चिकटवला. दाब घरात आणि बाहेर सारखाच, त्यामुळे तो आत असला तरी चालतं. तापमान मात्र फोडणीचं येतं. तो रकाना सोडून द्यायचा.

१४ मे

दाबाचा आलेख रोज दोनदा फुगतो आणि दोनदा बसतो. सकाळी दहा-अकराला वर, दुपारी चार-पाचला खाली, रात्री परत वर. आधी वाटलं सेन्सर खराब निघाला. वाचल्यावर कळलं की ही हवेचीच भरती-ओहोटी, सूर्याच्या तापण्याने होणारी. जन्म श्रीवर्धनला समुद्राकाठी गेला, पण हवेलाही भरती असते हे पंचेचाळिसाव्या वर्षी टेक्सासात, ह्यूस्टनजवळच्या शुगरलँडच्या स्वयंपाकघरात कळावं!

१८ मे

गुरुवारी संध्याकाळी ह्यूस्टनवरून डेरेचो गेला, म्हणजे सरळ रेषेत धावणाऱ्या वाऱ्याची लांबच लांब फळी. डाउनटाउनमधल्या उंच इमारतींच्या काचा फुटल्या. आमच्याकडे फक्त फांद्या पडल्या, पण सेन्सरने छान पकडलं: दाब आधी जरा उतरला आणि मग काही मिनिटांत उडी मारून वर गेला. पावसाने गार झालेली जड हवा वरून कोसळते, तिची ही उडी. हरिकेनचा आलेख याच्या अगदी उलट, विहिरीसारखा असायला हवा.

वीज चाळीस मिनिटं गेली, तेवढ्यात पाय बंद पडून कार्डवरची फाइल बिघडली. यूपीएस मागवला.

२ जून, रविवार

१८५१ पासूनच्या सगळ्या अटलांटिक वादळांची मिळून एकच साध्या मजकुराची फाइल आहे. दर सहा तासांना एक ओळ: अक्षांश, रेखांश, वारा, दाब. वारा नॉटमध्ये (ताशी सागरी मैल, म्हणजे साधारण १.८५ किलोमीटर) आणि पाचाच्या पटीत. ४७ नॉट असं काही नसतं, कारण इतकं बारीक कुणाला मोजताच येत नाही. हा प्रामाणिकपणा मला आवडला.

चालू वादळाच्या फायली वेगळ्या. ए-डेकमध्ये सगळ्या मॉडेलांचे आणि केंद्राचे अधिकृत अंदाज, बी-डेकमध्ये वादळ प्रत्यक्षात कुठून गेलं ते. अंकांत दशांश चिन्ह नसतं, १०५ म्हणजे १०.५ अंश. हे कळायच्या आधी माझं एक वादळ उत्तर ध्रुवापलीकडे गेलं होतं.

३ जून

बाबांचा फोन. आज निसर्ग चक्रीवादळाला चार वर्षं झाली. वाडीतल्या एकशे चाळीस पोफळींपैकी त्या दिवशी संध्याकाळी उभ्या होत्या एकोणीस. मधली दोन जायफळाची झाडंही गेली. नव्या पोफळी आता छातीला लागतात, फळ अजून नाही.

त्यांनी विचारलं, "तुमच्या अमेरिकेच्या हिशोबात आपला निसर्ग कितवीत बसतो?" म्हटलं, ११०-१२० किलोमीटरचा वारा होता, म्हणजे इथल्या वाऱ्यावरून ठरणाऱ्या पाच श्रेणींतल्या पहिलीच्या उंबरठ्यावर. तेही सरळ ताडून बघता येत नाही. आपला हवामान विभाग तीन मिनिटांची सरासरी धरतो, इथे एक मिनिटाची, आणि एका मिनिटाचा आकडा जरा चढाच येतो. बाबा म्हणाले, "म्हणजे पहिलीतच वाडी गेली. पाचवीत काय करतात रे?"

९ जून, रविवार

आता लाटा. ही समुद्राची लाट नव्हे. उन्हाळ्यात सहारा तापलेला असतो आणि त्याच्या दक्षिणेला गिनीच्या आखाताकडची गार, दमट हवा. या फरकातून पश्चिम आफ्रिकेवर तीन-चार किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाऱ्याचा झोत वाहतो. तो सरळ राहत नाही, नागमोडी होतो, आणि त्यातलं एकेक वळण दर तीन-चार दिवसांनी सेनेगल-गिनीच्या किनाऱ्यावरून अटलांटिकमध्ये उतरतं. वर्षाला साधारण साठ. बहुतेक लाटा पाऊस पाडून विरतात. पण अटलांटिकची जी खरी मोठी वादळं, तिसऱ्या श्रेणीपासून वरची, त्यांतली पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास यांच्याच पोटातून निघतात.

लाट एका फोटोत दिसत नाही, नुसते विस्कटलेले ढग दिसतात. म्हणून ही युक्ती: उपग्रहाच्या अवरक्त चित्रातली ५ ते १५ उत्तर अक्षांशांमधली पट्टी घ्यायची, प्रत्येक रेखांशाची सरासरी काढायची, म्हणजे अख्ख्या चित्राची एक ओळ होते. तीन तासांनी पुढची ओळ तिच्याखाली. अशा ओळी आठवडाभर रचल्या की पश्चिमेकडे सरकणारी लाट तिरपा पट्टा होऊन दिसते, धावत्या एसटीच्या काचेवर पावसाचे ओघळ तिरपे होतात तसा. पट्टा किती कललाय त्यावरून वेग. याला होवमोलर आकृती म्हणतात.

माझ्या स्क्रिप्टला केंद्राच्या नोंदींपेक्षा जास्त लाटा दिसतात. विषुववृत्ताजवळच्या कायमच्या ढगांनाही ती लाट समजते आहे. किती ढग म्हणजे लाट, तो उंबरठा बदलून पाहिला, तर खऱ्या लाटाही गायब. राहू दे तूर्त.

२० जून

मोसमातलं पहिलं नाव: अल्बर्टो. आज सकाळी मेक्सिकोत टाम्पिकोजवळ किनाऱ्याला लागलं. वादळाचं केंद्र इथून शेकडो मैल दूर, आणि तरी काल आपल्या टेक्सासच्या सर्फसाइडमध्ये समुद्र रस्त्यावर. माझा नकाशा वादळाला एक ठिपका म्हणून दाखवतो. ३४ नॉटचा वारा केंद्रापासून कुठवर पोचतो ती त्रिज्या दाखवायला हवी. कामांच्या यादीत टाकलं.

२६ जून, बुधवार

आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांच्या दक्षिणेला एक लाट. जून महिन्यात या भागातून सहसा काही उठत नाही, तिथला मोसम ऑगस्टच्या मध्याला सुरू होतो. पण यंदा समुद्राचं पाणी आत्ताच ऑगस्टअखेरीसारखं तापलंय आणि एल निनो ओसरल्यामुळे वरच्या वाऱ्यांची कातरही (उंचीनुसार वारा बदलतो तो फरक, जो वादळ मोडतो) कमी. मे महिन्यात अमेरिकी सरकारी अंदाज आला होता तो १७ ते २५ नामांकित वादळांचा. मला तो फुगवलेला वाटला होता.

आकृतीत ही लाट ठसठशीत आली आहे. पहिल्यांदाच केंद्राच्या मजकुराशी माझी रेघ जुळली.

२८ जून

लाटेला आधी ९५-एल हा नंबर मिळाला. नजर ठेवायच्या जागांना ९० ते ९९ असे आकडे देतात आणि संपले की परत नव्वदपासून, एल म्हणजे अटलांटिक. दुपारी तो नंबरही गेला. आता ती 'उष्णकटिबंधीय न्यूनदाब क्रमांक दोन', बार्बेडोसच्या पूर्वेला सुमारे १,९७० किलोमीटरवर. फाइलचं नाव एएल०२२०२४. रात्री दहाला नाव पडलं, बेरिल.

उद्या त्याच बार्बेडोसला वर्ल्ड कपची फायनल!

२९ जून, शनिवार

सकाळी साडेनऊपासून टीव्हीसमोर. सूर्याने तो झेल घेतला तेव्हा मी उभा होतो की खुर्चीवर चढलो होतो आठवत नाही. भारत जिंकला. तीन तासांनी बेरिलचा हरिकेन झाला.

रात्री काम. वादळाची एकूण ऊर्जा मोजायचं एक माप आहे: दर सहा तासांच्या वाऱ्याचा वर्ग करून बेरीज करायची, दहा हजाराने भागायचं. माझं उत्तर भलतंच मोठं येत होतं. दीड तास सूत्र तपासलं, सूत्र बरोबर. चूक फाइल वाचण्यात होती. वादळ हरिकेन झालं की बी-डेकमध्ये त्याच वेळेच्या तीन ओळी येतात, ३४, ५० आणि ६४ नॉटच्या त्रिज्यांसाठी एकेक. मी तिन्ही मोजत होतो. अल्बर्टो कधी हरिकेन झालंच नाही, म्हणून चूक तेव्हा नजरेत भरली नाही.

३० जून

चौथी श्रेणी. न्यूनदाबापासून चौथ्या श्रेणीपर्यंत ४२ तास. 'झपाट्याने बळावणं' याची व्याख्याच मुळी चोवीस तासांत ३० नॉटची वाढ अशी आहे, याने ती केव्हाच मागे टाकली. जूनमध्ये अटलांटिकात चौथ्या श्रेणीचं वादळ नोंदींच्या इतिहासात नाही. आधीचा विक्रम ८ जुलै २००५ चा, डेनिसचा.

फोनवर फोन, सगळ्यांचा एकच प्रश्न: "टीम कधी निघणार?" बार्बेडोसचा विमानतळ बंद, रोहित आणि मंडळी हॉटेलात अडकलेली. पुण्याच्या मामेभावाला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या छंदात रस वाटला.

१ जुलै, सोमवार

ऑफिसची मीटिंग चालू होती आणि दुसऱ्या स्क्रीनवर उपग्रहाचं चित्र. साडेदहाच्या आधीच वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, करिआकू बेटावर चढला, ताशी २४० किलोमीटर वारा. करिआकू म्हणजे ग्रेनेडा देशाचं धाकटं बेट, पुऱ्या श्रीवर्धन तालुक्यातही सहज मावेल एवढं. डोळा इतका गोल आणि स्वच्छ होता की त्यातून समुद्र दिसत होता, आणि त्याच्या कडेखाली काय चाललं असेल ते मला पोफळींच्या आवाजावरून ठाऊक होतं. निसर्गच्या वेळी बाबांनी फोन तसाच चालू ठेवला होता. झाडं मोडताना फटाक्यासारखा आवाज येतो.

रात्री त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ग्रेनेडा म्हणजे जायफळवाले ना?" त्यांना हे माहीत असेल असं वाटलं नव्हतं. त्यांच्या झेंड्यावरही जायफळ आहे. २००४ च्या सप्टेंबरात आयव्हन हरिकेनने तिथली बहुतेक जायफळं उन्मळली आणि तो धंदा पुन्हा पहिल्यासारखा उभा राहिला नाही. बाबा थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "जायफळ धरायला सात-आठ वर्षं बघावी लागतात. लावणारा माणूस म्हातारा असेल तर लावतच नाही." आपल्या दोन झाडांच्या खड्ड्यांत त्यांनी केळी लावल्यात.

२ जुलै

काल रात्री पाचवी श्रेणी. आधीचं सगळ्यात लवकरचं पाचवीतलं वादळ एमिली, २००५ च्या जुलैच्या मध्यावरचं. याने दोन आठवडे आधी गाठलं.

हे आकडे येतात कुठून? बिलॉक्सीजवळच्या हवाई तळावरून सी-१३० विमानं थेट डोळ्यातून आरपार जातात, तीनेक किलोमीटर उंचीवरून. त्या उंचीवरच्या वाऱ्याचे साधारण नव्वद टक्के धरले की जमिनीलगतचा वारा. शिवाय पॅराशूट लावलेली नळकांडी खाली सोडतात, ती पडता पडता दाब, वारा, ओलावा पाठवत राहतात. डोळ्यातल्या विमानांच्या नोंदी मी आज नकाशावर बसवल्या. चार पाकळ्यांच्या फुलासारखी रांगोळी उमटते.

३ जुलै

जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याला घासून गेलं. टीम विमानात बसली म्हणे.

४ जुलै, गुरुवार

सुट्टी. मरीन ड्राइव्हवरची माणसं बघत पहाट गेली. मामेभाऊ त्या गर्दीत कुठेतरी होता आणि त्याची एक चप्पल हरवली.

अंदाजाची रेघ मेक्सिको-टेक्सास सरहद्दीकडे जाते आहे. नकाशावर रेघेभोवती काढतात तो शंकू म्हणजे काय हे मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावून सांगितलं: तो वादळाचा आकार नव्हे. गेल्या पाच वर्षांतल्या अंदाजांच्या चुका घेऊन, दर वेळी तीनांतले दोन अंदाज आत बसतील एवढं वर्तुळ काढतात आणि ती वर्तुळं जोडतात. पाचव्या दिवसाचं वर्तुळ दोनशे सागरी मैलांहून मोठ्या त्रिज्येचं असतं. तीनांतला एक बाहेर जाणारच. रेघेकडे बघू नका, असं ठळक अक्षरांत लिहिलं.

बायकोने विचारलं, पाणी आणून ठेवायचं का? मी म्हटलं, अगं ते ब्राउन्सव्हिलकडे चाललंय.

५ जुलै

पहाटे तुलुमजवळ मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावर चढलं, दुसऱ्या श्रेणीत. जमिनीवर दमलं. संध्याकाळी मेक्सिकोच्या आखातात उतरलं तेव्हा हरिकेन नव्हे, नुसतं वादळ. रेघ थोडी वर सरकली.

६ जुलै, शनिवार

रेघ आणखी वर, कॉर्पस क्रिस्टीच्या आसपास. आता दुकानात गेलो. पाण्याच्या बाटल्यांचा कप्पा रिकामा. जनरेटर नाही. मिळाली ती स्पार्कलिंग वॉटरची बारा कॅन आणि मेणबत्त्या, त्याही व्हॅनिलाच्या वासाच्या.

७ जुलै

रेघ आता मॅटागोर्डावर. ते गाव इथून दक्षिणेला, जरासं पश्चिमेकडे, आणि आम्ही उजव्या अंगाला येणार, जिकडे वारा जास्त. घागरी, बादल्या, कुकर, जे दिसेल ते भरून ठेवलं. यूपीएस पूर्ण चार्ज. पायची स्क्रीन बंद केली, फक्त सेन्सर आणि नोंदी चालू. दुपारपासून दाबाच्या भरती-ओहोटीचा फुगवटा दिसेनासा झाला, नुसता उतार आहे.

८ जुलै, सोमवार (वहीत लिहिलं, नंतर उतरवलं)

पहाटे चारच्या सुमारास मॅटागोर्डाजवळ जमिनीवर आलं, पहिल्या श्रेणीत. पाचला वीज गेली. शेजारच्या अंगणातलं ओकचं झाड एकदम पडलं नाही. तासभर मुळाशी जमीन श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत होती, मग ते सावकाश कुंपणावर टेकलं.

सेन्सरवर आठच्या सुमारास ९८०. आमची उंची धरून समुद्रपातळीला आणायला तीन मिलिबार वाढवायचे. मग वीसेक मिनिटं वारा इतका पडला की मुलगी म्हणाली, "झालं?" खिडकीतून बाहेर पाहिलं, कुत्रं घेऊन एक माणूस चक्क फिरायला निघाला होता. नऊनंतर उलट्या दिशेने परत सुरू.

यूपीएसने पावणेअकराला मान टाकली.

१३ जुलै, शनिवार

आज दुपारी वीज आली. शहर आणि आसपास मिळून बावीस लाखांहून जास्त जोडण्या गेल्या होत्या. आम्हाला पाच दिवस, काहींना अजून नाही. बाहेर पस्तीस अंश आणि तो दमटपणा. फ्रीजरमधल्या किसलेल्या नारळाच्या चौदा पुड्या फेकल्या. केटी गावातल्या मित्राकडे वीज होती, तिथे चार कुटुंबं, अकरा माणसं आणि एक कुकर. पाच दिवस पिठलं-भात. वीज कंपनीचा नकाशा आमची गल्ली दोन दिवस 'सुरळीत' म्हणून हिरवी दाखवत होता. नकाशांवर विश्वास ठेवायचा मक्ता काही माझ्या एकट्याकडे नव्हता.

विहिरीचा आलेख मिळाला, पण चढणीची वरची बाजू नाही.

२१ जुलै, रविवार

चुका मोजल्या. ज्यासाठी सगळा खटाटोप केला ते हे.

आधी सरळ अंतर काढलं: अंदाजाचा ठिपका आणि प्रत्यक्षातला ठिपका, किती सागरी मैल. आकडे काही वावगे नाहीत, सरासरीच्या जवळपास. मग चूक दोन भागांत तोडली. एक भाग वाटेच्या दिशेने, म्हणजे वादळ लवकर आलं की उशिरा. दुसरा आडवा, म्हणजे वाटेच्या डावीकडे की उजवीकडे. आडव्या भागाला चिन्ह दिलं, डावीकडे उणे. आखातातल्या लांब पल्ल्याच्या अंदाजांची यादी छापली तर उण्यांची रांगच रांग. चूक इकडेतिकडे विखुरलेली नव्हती, रोज एकाच बाजूला होती, आणि रेघ रोज थोडी थोडी उजवीकडे सरकत होती. सरासरी काढताना मी चिन्ह पुसून टाकलं होतं, म्हणून ते दिसत नव्हतं.

४ तारखेपासून दर सहा तासांनी हेच आकडे माझ्याच डिस्कवर येऊन पडत होते. सरकण्याची दिशा बघणारी चार ओळींची स्क्रिप्ट तेव्हा लिहिली असती तर शनिवारऐवजी शुक्रवारी दुकानात गेलो असतो. आज लिहिली. बायकोला दाखवली. ती म्हणाली, "मी गुरुवारीच विचारलं होतं."

३ ऑगस्ट

जुलैभर सहाराची धूळ, एकही लाट तगली नाही. आज डेबीला नाव मिळालं. ए-डेकचा नवा आलेख चालतो आहे. जनरेटर आणला.

४ एप्रिल २०२५, शुक्रवार

बरेच महिने इथे काही लिहिलं नाही. मोसम १८ नावं, ११ हरिकेन, त्यांत ५ मोठी, असा संपला. म्हणजे तो 'फुगवलेला' अंदाज बरोबर ठरला. या आठवड्यात जागतिक हवामान संघटनेने बेरिल, हेलेन आणि मिल्टन ही नावं कायमची मागे घेतली. याद्या दर सहा वर्षांनी फिरून येतात, तेव्हा २०३० मध्ये बेरिलच्या जागी ब्रियाना. नावांच्या तक्त्यात बदल केला.

६ एप्रिल, रविवार

बाबांचा हट्ट: "त्या तुझ्या यंत्रात आपला निसर्ग घाल की." हिंदी महासागरातल्या वादळांच्याही बी-डेक फायली अमेरिकी नौदलाच्या केंद्राकडून मिळतात, रचना हीच. फाइल टाकली, नकाशा काढला, न बघताच बाबांना पाठवून दिला.

दहा मिनिटांत फोन. "अरे, हे कुठलं गाव?" बघतो तर निसर्ग कॅरिबियन समुद्रातून येऊन हैतीच्या दक्षिण किनाऱ्याला लागलेलं. अटलांटिकसाठी लिहिलेला कोड, त्याने प्रत्येक रेखांशापुढे डोळे मिटून उणे लावलं होतं. श्रीवर्धन ७३ पूर्वेला, त्याचं ७३ पश्चिम झालं. अक्षांश तोच, अठरा.

चिन्ह सुधारून परत पाठवला. बाबांनी दोन्ही छापून घेतलेत.